क्रेनवर कुठला पंप न्यायचा

अरे, तू आणि पिल्लू गाढ झोपलेले, म्हणून न उठवताच कामावर निघाले.

तू आणलेला दूध काढायचा इलेक्ट्रिक पंप परत खोक्यात घातलाय. तुझ्या बहिणीला दे, तिचं ऑफिसात बसून काम, पुढच्या महिन्यात रजा संपली की तिला लागेलच. फुगू नकोस. चार दिवस रिव्ह्यू वाचलेस, ऑफिसातल्या तीन बायकांना विचारलंस, फक्त जिला वापरायचाय तिला विचारायचं राहिलं! ते धूड पाठीवर घेऊन क्रेनची शिडी कोण चढणार? शिवाय त्याची घुरघुर. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा माझा एक कान वॉकीटॉकीकडे असतो. मी हाताने दाबायचा साधा पंप घेतलाय. खिशात मावतो, आवाज नाही. तीन दिवस वापरून पाहिला, वीस मिनिटांत बाटली भरते.

फ्रिजमध्ये दोन बाटल्या आहेत. गरम पाण्यात धरून कोमट कर, गॅसवर ठेवू नकोस. वर साय दिसेल, म्हणून नासलं समजून ओतून देशील! नुसती बाटली हलकेच फिरव.

काल तू पुन्हा "कामावर जायला अजून दोन महिने थांब" म्हणालास. त्याचं उत्तर आज देते. एक वाजता पिल्लूला घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहा. समोरच्या बंदरातल्या माझ्या क्रेनच्या केबिनच्या काचेला माझं नारिंगी जॅकेट दिसलं की समज, बाटली भरली.

पाच वर्षं मी वरून आपली खिडकी बघतेय. आज तू एकदा वर बघ.