मागच्या दाराची हिरवी पायरी

प्रिय वार्डेल,

नाही, चर्चमध्ये मी हल्ली मागच्या बाकावर बसते ती तुझ्यामुळे नाही. पुढे पंख्याचा वारा थेट मनगटावर येतो, ऑपरेशनात आत बसवलेली लोखंडी पट्टी गार पडते आणि ठणका लागतो, म्हणून बसते. मला कुणी विचारलेलं नाही, पण माना वळवून बघतात ना सगळे, त्यांना हे उत्तर. मागच्या रविवारी तूही वळवलीस, पाद्री डोळे मिटून प्रार्थना सांगत होते तेव्हा. मी मिटले नव्हते म्हणून दिसलं.

मला लिहायची सवय नाही. शाळा अर्धवट सोडून मी वखारीत खेकडे सोलायला बसले ती आजपर्यंत, तेव्हा चुका काढत बसू नकोस. आणि हे कुणी वकिलाने सांगून लिहिलेलं नाही. उलट इतके महिने एकमेकांशी बोलायचं नाही, लिहायचं नाही, असं दोन्ही वकिलांनी बजावलं होतं. मी कुणाचं ऐकणारी नाही, पण हे ऐकलं.

तो शनिवार तुला आठवत असेलच. दुसऱ्या दिवशी चर्चचं वार्षिक जेवण होतं आणि धक्क्याजवळचं तुझं दुकान गजबजलं होतं. बर्फाची नवी पेटी पुढच्या दारात अडकली होती, ना आत ना बाहेर. तू आतूनच ओरडलास, ओझेला, मागून ये गं, पायऱ्या नव्या नवरीसारख्या केल्यात. होत्याच तशा. हिरव्यागार, चकचकीत. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि फळी ओल्या पावासारखी आत गेली. तू बर्फाचा टोचा हातात घेऊनच धावत आलास. मी खाली चिखलात, मनगट भलतीकडे वळलेलं, आणि म्हणाले काय, तर माझंच चुकलं वार्डेल, माझं लक्ष नव्हतं, तुझी पायरी मोडली रे.

दुसरं काय म्हणणार होते? आपल्याकडे वाढलेलं कुणीही हेच म्हणेल. दुसऱ्याच्या दारात पडलं तर त्याला ओशाळं वाटू नये म्हणून दोष आपल्याकडे घ्यायचा आणि कपडे झटकून उठायचं. माझ्या आईच्या पायावर कुणी पाय दिला तर पाय मध्ये ठेवल्याबद्दल तीच माफी मागायची.

मग तुझ्या दुकानाच्या विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला. काकवीसारखा गोड आवाज. मिस ओझेला, यंदा टोमॅटोला कीड लागली का हो? मिस ओझेला, हात फार दुखतो का हो? बोलणं टेप करतो हं, नुसता आमचा नियम. मग हळूच विचारलं, पायरीकडे बघत होतात ना तुम्ही? आता मी तुझ्या विमेवाल्यापुढे तुझ्या पायरीला नावं ठेवू? म्हटलं, नाही हो, माझंच लक्ष नव्हतं, वार्डेल बिचारा फार जपणारा आहे. आभार मानून त्याने फोन ठेवला आणि आठवड्याभरात कळवलं, दावा नामंजूर. तुमची चूक तुम्हीच कबूल केली आहे.

आमच्या वकीलबाई मिसेस पील, त्यांनी ती टेप ऐकली आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ओझेला, तुम्ही खाली साउथ कॅरोलायनात पडला असतात तर चूक दोघांत वाटून दिली असती, वार्डेलची एवढी, तुमची एवढी, आणि त्या मापाने भरपाई. आपल्या नॉर्थ कॅरोलायनात तसं नाही. त्याचा हलगर्जीपणा डोंगराएवढा असू दे, तुमचा कणभर निघाला तरी तुम्हाला काही नाही. मी म्हटलं, समजलं, पुढे सांगू नका. सोललेल्या मांसाच्या डब्यात कवचाचा एक तुकडा सापडला की मुकादमीण अख्खा डबा तोंडावर परत मारते. तसाच हा कायदा. फरक इतकाच की माझ्या डब्यात तो तुकडा मीच, लाजेखातर, स्वतःच्या हाताने टाकला होता.

तरी मी कोर्टात दावा लावला. लावला म्हणजे लावला. डाव्या हातात खेकडा धरायचा आणि उजव्यात सुरी. माझी डावी बोटं मिटतच नाहीत, खेकडा टेबलावरून घसरत जातो आणि पोरी हसू दाबतात. डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन केलं तर बोटं मिटतील, नाही केलं तर हात असाच राहील, फडताळाच्या मुठीसारखा. ऑपरेशनला पैसे कुठून आणू? म्हातारपणाचा सरकारी विमा मिळण्याएवढी मी म्हातारी नाही, आणि वखारीने आजवर आम्हाला एप्रनसुद्धा फुकट दिलेला नाही. पैसे तुझ्या खिशातून जाणार नव्हते, विमा कंपनीच्या जाणार होते. पण कागदावर नाव तुझं पडलं. ते वाचून मलाही बरं वाटलं नाही. तरी सही केली.

गावाला बरं वाटलं नाहीच. तुझ्या बहिणीने, बर्निसने, भर बाजारात मला गाठलं. काय गं, माझ्या भावाच्या जिवावर नवी गाडी घेणार का? मी म्हटलं, गाडी नको, मूठ हवी. ती म्हणाली, मग आमच्या आईचं ते निळ्या काठाचं भांडं तरी परत दे, की तेही कोर्टात लावलंस? भांडं खरंच माझ्याकडे होतं. मी पडल्यावर पहिल्याच आठवड्यात तू त्यातून कॉलर्डची पालेभाजी पाठवली होतीस, वर मक्याचा पाव. भाजी खारट होती. मी सगळी खाल्ली.

आता मंगळवारचं. तू मिसेस पीलच्या ऑफिसात जबानीला आलास तो लग्नाचा-अंत्यविधीचा सूट घालून. कॉलर काचत होती आणि तू माझ्याकडे बघत नव्हतास. मला वाटलं, झालं. कंपनीने दिलेला वकील शेजारी बसलाय, हा मान खाली घालून पढवलेलं बोलणार. मी मनात म्हटलं, बोल बाबा, मी हरले तरी चालेल, पण लवकर आटप. मिसेस पीलनी विचारलं, पायरी कुजलीय हे तुम्हाला माहीत होतं का? आणि तू म्हणालास, उन्हाळ्यापासून माहीत होतं. जेवणाला बाहेरगावचे लोक येणार म्हणून वरून रंग मारला. फळी बदलायला मला वेळ नव्हता, रंगायला होता. मागून ये असं मीच ओरडलो. ती गुडघ्यांवर बसून भिंग लावून बघती तरी तिला रंगच दिसला असता.

तुझ्या वकिलाचे कान टोमॅटोसारखे झाले. तो घाईघाईने म्हणाला, पण तिने स्वतःच चूक कबूल केली ना? तू त्याला म्हणालास, साहेब, तुम्ही इकडचेच ना? आमच्याकडे बुडणारा माणूससुद्धा पाणी उडालं म्हणून काठावरच्यांची माफी मागतो. तेवढ्यात मिसेस पीलचं कोपर लागून त्याचं पेन खाली पडलं, आणि ते उचलता उचलता तो काय म्हणाला, तर सॉरी, माझंच चुकलं. टाइप करणारी मुलगी हसली. तिने तेही टाइप केलं. मी खिडकीकडे बघत बसले, कारण तिथे हसणं बरं दिसलं नसतं.

काल मिसेस पीलचा फोन आला. कंपनी कोर्टात उभी राहत नाही, तडजोड करते. ऑपरेशनचं सगळं देते, वर हाताला आराम पडेपर्यंतची मजुरीही. त्यांनी विचारलं, खूश ना? म्हटलं, त्यात काय, मला माहीतच होतं. माहीत नव्हतं, पण म्हटलं. मग बर्निसकडून कळलं की कंपनी पुढच्या वर्षी तुझा विमा करणार नाही. तुझे आभार मानावेत तर तू म्हणशील, माझंच चुकलं. आणि या वेळी ते खरं असेल, तेव्हा मानत नाही.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं, तर त्या भांड्यासाठी. माझ्या घरातून कुणाचं भांडं आजवर रिकामं परत गेलेलं नाही, आणि तुझ्या आईचं तर जाणारच नाही. त्यात रताळ्याचं पुडिंग घालायचं होतं. पण रताळं किसायला एका हाताने ते घट्ट धरावं लागतं. विकतचं घाल, असं बर्निस म्हणाली, तिला मी दारातूनच परत पाठवलं. म्हणून भांड्यात हे पत्र घालतेय. पुडिंग ऑपरेशननंतर. ते न्यायला तूच ये, बहिणीला पाठवू नकोस. माझ्या पायऱ्या रंगवलेल्या नाहीत, पण भक्कम आहेत. आणि एक गोष्ट, आता मिटलंय म्हणून सांगते. माझ्या जबानीत तुझ्या वकिलाने विचारलं होतं, त्या दिवशी तुम्ही दुकानात कशाला गेला होतात? म्हटलं, बर्फ घ्यायला. शपथेवर खरं सांगितलं, बर्फच घेणार होते. दर शनिवारी घ्यायची तसाच. त्याची मला गरज होती का, हे त्याने विचारलं नाही. माझा फ्रीज चांगला चालतो, बर्फ त्यात भरपूर असतो. मग मी दर शनिवारी तुझ्या दुकानात का यायची, ते तू विचारशील. विचारू नकोस. यापुढे मी एक अक्षर सांगणार नाही.

तुझी शनिवारची गिऱ्हाईक,
ओझेला