अग्रलेख मोठ्यानं वाच

बाई, आज सकाळी एका माणसाच्या हातात पेपर दिला आणि म्हटलं, मोठ्यानं वाच. तेव्हापासून तुम्हीच डोक्यात आहात.

दारू पिऊन टेम्पो चालवला, एकाचा पाय गेला, म्हणून मी तुरुंगात गेलो. थोडी शिक्षा बाकी असताना तुमच्या हमीवर सुटलो. दारूला शिवायचं नाही, ही अट. पंधराव्या दिवशी मुरुडच्या एसटी स्टँडवर झिंगून पडलो. ठाण्यात साहेब परत पाठवायचे कागद करत होते आणि तुम्ही चौथीच्या वर्गातल्या आवाजात म्हणालात, "आत दोन वर्षं कोरडा राहिला, बाहेर येऊन लगेच प्यायला. पुन्हा आत बसून काय शिकणार हा? दवाखान्याची गोळी रोज माझ्यासमोर घेईल." साहेब तयार झाले, पण एकदा जरी चुकला तर सरळ आत, असं बजावून.

मग रोज सकाळी सातला तुमचं स्वयंपाकघर. गॅसवर पेज, बशीत गोळी. ती पोटात असताना दारू घेतली तर जीव नकोसा होतो, म्हणून मी तीन दिवस ती जिभेखाली धरली आणि मागल्या दारी अबोलीत थुंकलो. चौथ्या दिवशी तुम्ही पेपर पुढे केलात. "डोळ्यांनी दगा दिलाय रे. अग्रलेख वाच, मोठ्यानं." जिभेखाली गोळी धरून अग्रलेख वाचता येत नाही, बाई. गिळली. वर तुम्ही माझे उच्चार सुधारत बसलात. हे दोन वर्षं चाललं.

आता मी व्यसनमुक्ती केंद्रात गोळ्या देतो. काशीदचा एकजण, माझ्यासारखाच अटीवर सुटलेला. त्याची गोळी काल कुंडीत सापडली. ठाण्यात कळवणं माझं काम. कळवलं तर तो आत. नाही कळवलं. आज गोळी दिली आणि लगेच पेपर दिला.

"मी कशाला वाचू? तुमाला दिसत न्हाय काय?"

"न्हाय दिसत," म्हटलं, आणि तेव्हा कुठे उमगलं. तुम्ही तर शेवटपर्यंत बिनचष्म्यानं सुईत दोरा ओवायचात. तो अडखळत वाचत होता आणि मला रडू आवरेना.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक कबूल करतो. तुमच्या शोकसभेत मी उभं राहून सांगितलं होतं, "बाईंना दिसेनासं झालं तेव्हा दोन वर्षं मीच पेपर वाचून दाखवला." लोकांनी माझी पाठ थोपटली होती.