अमेरिकेच्या राजाचं पागोटं

चैत्र शुद्ध ४, सोमवार. सन १९४५. आखाडा बाळापूर

लिहायला उशीर झाला, माफी असावी. नामदेव पलटणीची लॉरी चालवायला गेला तेव्हा म्हणाला होता, "बा, घरी जे घडंल ते लिहून ठिवा, आल्यावर वाचीन." पाडव्याला सुरुवात करणार होतो. दुकानात कंट्रोलच्या, सरकारी भावाच्या कापडाला गर्दी, राहिलं.

लेक ब्रह्मदेशात. संक्रांतीपासून खुशाली नाही.

पाडव्याला पारावर जोशीबुवांनी पंचांग वाचलं, यंदाचा राजा शुक्र. आज शाळेचे मास्तर पेपर घेऊन आले. त्याच दिवशी अमेरिकेचा अध्यक्ष वारला. तिकडचा राजाच तो, पण मतं देऊन निवडलेला. बुवांना विचारलं, हे पंचांगात कसं नव्हतं?

"अमेरिका आपल्या पंचांगात न्हाई, शेट."

शुद्ध ५

मास्तरांना पुन्हा गाठलं. चार वेळा निवडून आला म्हणे. भर उमेदीत पाय गेले, तरी चाकाच्या खुर्चीतून राज्य हाकलं. मग सभेत उभा कसा राहायचा? लोखंडी पट्ट्या बांधून. उचलायचं कोण? पायऱ्या आल्या तर?

मास्तर वैतागले. "काहून एवढं विचारून राहिले? सोयरीक करायची का?"

घरी येताना सुचलं. आपले पाटील वारले तेव्हा चावडीवर एक तंटा गेला नाही. तेराव्याला लेकाला पागोटं बांधलं, मगच कारभार सुरू. हा तर केवढा राजा. तेरा दिवस तोफा गप्पच राहणार. सुनेला म्हटलं, "गंगू, तेरा दिवस घोर नको."

पोरगी किती दिवसांनी पोटभर जेवली.

रामनवमी

सगळं उलटं. त्याच संध्याकाळी दुसऱ्यानं शपथ घेतली. प्रेत अजून गावाला पोचलं नव्हतं! लढाई घटकाभरही थांबली नाही. वारलेल्याचे चार लेक, चौघंही लढाईवर. पागोटं एकालाही नाही. मातीला किती पोचले? मास्तरांना ठाऊक नाही.

गंगू एवढंच म्हणाली, "मग मामा, तेरा दिवस तुमी कुठून आणले?"

नवा माणूस शेतकऱ्याचा. मधे कपड्यांचं दुकान काढलं होतं, ते बसलं. जरा धीर आला. एकदा फाडलेलं कापड पुन्हा ताग्याला लागत नाही, हे त्याला शिकवायला नको.

आषाढ अमावास्या

एका बॉम्बनं जपानचं अख्खं शहर. मास्तर म्हणतात, हुकूम त्या नव्या अध्यक्षाचाच.

गिऱ्हाईक समोर, कापड हातात. कात्री लावायचं सुचेना. आणि नामदेव तिथून किती कोस…

पोळा

लढाई संपली. गावात कोणी परतलं नाही. मास्तरांना म्हटलं, नव्या अध्यक्षाला इंग्रजीत दोन ओळी लिहा, आमची पोरं कधी सोडता.

मास्तरांनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, "शेट, आपली पोरं त्याच्या हाती न्हाईत. इंग्रजाच्या हाती आहेत."

मग चैत्रापासून मी कोणाचं घर धुंडाळत होतो?

गंगूनं तुझ्या ढवळ्याला झूल चढवली. पुरणाचं एक ताट झाकून ठेवलंय, कोणाचं ते मी विचारलं नाही. नामदेवा, खुशाली धाड. हात दुखत असला तर दुसऱ्याकडून लिहून घे. पण लवकर धाड.