सात टाकून पाहिला

बंगळुरू, रविवार

प्रिय रविकांत यांस,

सप्रेम नमस्कार. मी सुखरूप आहे आणि जेवणही वेळेवर होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही इतक्यात वाचायचे नाही, म्हणून हे पत्र सूनबाई वाचून दाखवील असे गृहीत धरले आहे. लीना, मध्येच हसू नकोस.

सुडोकू स्पर्धेत ज्येष्ठांच्या गटात मला दुसरा क्रमांक मिळाला. मात्र तो कसा मिळाला, हे तुम्हाला सांगणे मला भाग आहे.

शेवटच्या कोड्यात एका चौकटीसाठी चार किंवा सात, एवढेच पर्याय उरले. निर्णायक कारण सापडेना आणि वेळ संपत आली. सावेडीच्या घरी रोज सकाळी चहा घेत कोडे सोडवताना तुम्ही म्हणता, “अगं, टाकून तर बघू. नाही जमला तर खोडू.” आणि तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेली मी उत्तर देते, “हे अनुमान नव्हे, हा जुगार आहे.”

आज मी सात टाकला. पुराव्याशिवाय. उरलेले आकडे भराभर जागेवर बसले आणि मी भर सभागृहात मोठ्याने हसले. परीक्षकांनी समज दिली. ती योग्यच होती.

एका यशावरून तुमची पद्धत सिद्ध होत नाही, हे कृपया ध्यानात घ्यावे.

डोळ्यात थेंब वेळेवर घालता ना? स्कूटर तर काढली नाही ना? वर्तमानपत्रातली रोजची कोडी लीनाला कापून ठेवायला सांगा. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिला आकडा तुम्ही टाका. खोडरबर घेऊन मी शेजारी बसेन. कारण मात्र विचारणार नाही.

तुमची, जुगारात जिंकलेली,
निवेदिता