अल्बमचं प्रकाशन, माझ्या शुभहस्ते

पिंपळगाव रेणुकाई,
ता. भोकरदन

ती. दैवशालाताईस,

धाकट्या काकासाहेबाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजींचा गुडघा कसा आहे? इकडे सर्व कुशल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे तीन दिवसांपासून मला घास जात नाही. (चहा जातो.)

ताई, तुझ्या भाचीने अल्बम काढला. रॅपचा! महिनाभर धान्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून अर्पिता बडबडत होती. मला वाटलं, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. मग म्हणाली, बाबा, प्रकाशन ठेवलंय, अध्यक्ष तुम्हीच. कशाचं, ते मी विचारलं नाही. पंधरा वर्षं अध्यक्ष होतोय, कधीच विचारलेलं नाही. फ्लेक्सवर ‘प्रेरणास्थान’ म्हणून माझा फेट्यातला फोटो होता, तोही कौतुकाने पाहिला.

ग्रामपंचायतीसमोर मंडप होता. सत्कारच पाऊण तास चालले. मग मी नारळ फोडला, बटण दाबलं, आणि पहिल्याच ओळीत अशी शिवी आली की तशी मी फक्त रानडुकरं मिरचीत शिरल्यावर ऐकली आहे. (तीही माझ्याच तोंडून.) माझी पोरगी, ताई! भर गावात, लाउडस्पीकरवर, तालात! उठून जावं तर आभारप्रदर्शनाआधी व्यासपीठ सोडायचं नाही हा नियम मीच घालून दिलेला. शेजारी भजनी मंडळाचे अण्णासाहेब शालीत तोंड खुपसून बसले होते (पाय मात्र ठेका धरत होता, मी पाहिलं). अशी अकरा गाणी झाली.

त्यातलं सातवं आपल्यावर आहे. बाप बहिणीला पुरणपोळी वाढतो, साडी नेसवतो आणि तिच्या दोन एकरांच्या हक्कसोडपत्रावर सही घेतो, असं आहे; शेवटी मी कधी न ऐकलेली एक शिवी. नाव घेतलं नाही, पण गाव पोरीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागलं. सही तर तू हसत केली होतीस. मला तरी तसंच आठवतं.

तुझा,
काकासाहेब

ता. क. : खरं काम असं. ‘मी राजीखुशीने सही केली’ एवढंच बोलून एक छोटा व्हिडिओ पाठव, मी गावाच्या ग्रुपवर टाकतो. तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण परवाच्या कार्यक्रमाला अध्यक्ष दुसराच होता.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी अर्पिताला धरलं. म्हटलं, बाकीच्या शिव्या माझ्या, कबूल. पण सातव्या गाण्यातली कुणाची? ती म्हणाली, “आत्याची हाय, बाबा. सही करून एसटीत बसताना तुमचं नाव घेऊन दिल्ती. मी सोडायला गेल्ते ना. मंग लई रडली.”

ताई, खरंच? सहा वर्षं तू राखी बांधत राहिलीस आणि मला कळलंसुद्धा नाही. व्हिडिओ राहू दे. ते कागद फिरवता येतात का, हे विचारायला उद्या भोकरदनला वकिलाकडे जातोय. तू ये. आणि या वेळी एसटीत बसायची वाट बघू नकोस, शिवी माझ्या तोंडावर दे.