काठावरचा माणूस

रविवार, १७ ऑगस्ट १९८६
पोशीर

मिलिंदने आज त्याचा छोटा कॉम्प्युटर आमच्या टीव्हीला जोडला आणि स्वतः बनवलेला खेळ मला दाखवला. तो नोकरी करतो त्या कंपनीचा नाही, मुंबईच्या खोलीत एकट्याने बसून लिहिलेला. पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा माणूस, समोर नदी. बटण दाबत त्याला पलीकडे न्यायचं. मी पुन्हा पुन्हा नेला. दर वेळी तो माणूस मधोमध बुडाला.

“हा पार होतच नाही का रे?” मी चिडून विचारलं.

“नाही, ताई. तसं लिहायला बसलो की हात चालत नाही.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा बैल आणायला पुराच्या पाण्यात शिरले आणि गेले, तेव्हा मिलिंद काठावर होता. त्याबद्दल तो कधीच बोलला नाही. की आम्हीच विचारलं नाही?

आई मागे येऊन उभी होती. “कंचं बटण दाबलं की ह्यो पान्यात जातो?”

मिलिंदने दाखवलं. आईने माझा हात तिथून बाजूला केला.

“मंग दाबू नका. हाय तितंच ऱ्हाऊ दे त्याला.”

पाणी वाढत गेलं, पण काठाशी थांबलं. ठिपक्यांचा माणूस तसाच उभा. आम्ही तिघं बघत राहिलो.

“मी बाबांना नको म्हणालो होतो गं, आई. ओरडून म्हणालो होतो.”

“मला ठावं हाय रं.”

आता दोघं पडवीत बोलत बसलीत. मी मुद्दामच बाहेर जात नाही.