पाच मोजेपर्यंत दुखेल

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज इराने सुईसाठी स्वतःहून हात पुढे केला! मागच्या वेळी सलाइन लावताना चौघांनी माझ्या सात वर्षांच्या नातीला दाबून धरलं होतं. वर नर्सने मला ऐकवलं, "मुलीला जरा वळण लावा." ऑटिझम म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि चालल्या वळण लावायला!

या वेळी अशा मुलांसाठी इस्पितळात जान्हवी नावाची समुपदेशक आहे. मी नेहमीसारखं म्हटलं, "इरा, काही दुखणार नाही हं."

तिने मलाच थांबवलं. "आजी, असं सांगू नका. इरा, मी पाच मोजेपर्यंत दुखेल. मग थांबेल."

कालची पोरगी मला शिकवते! राग आलाच. पण तिने पाच मोजले आणि खरंच थांबलं. पाचच. इरा किंचाळली नाही. मग इतकी वर्षं मी पोरांना काय सांगत होते?

संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. "उद्या रक्त घेऊ. काही दुखणार नाही, बाळा."

इरा म्हणाली, "खोटं."

दिवसातला तिचा पहिला शब्द! कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला अशा वेळी लगेच माफी मागायला शिकवलं होतं. मी मागितली नाही. रात्री इराजवळ तिची आई थांबली, आणि मी कोथरूडला घरी येईपर्यंत रिक्षात एकटीच हसत आले. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे.